निकोला अपेर: मटारचा मोसम बाटलीत भरणारा मिठाईवाला

गेल्या जानेवारीत मटार स्वस्त झाला तेव्हा मी पाच किलो घेऊन आलो. फ्रीजरमध्ये जागा नव्हती. मग दाणे सोलून पाण्यासकट काचेच्या बरण्यांत भरले, झाकणं घट्ट लावली आणि बरण्या मोठ्या पातेल्यात तासभर उकळल्या. एकदम भारी वाटलं! ही पद्धत मुळात कोणाची, हे शोधायला बसलो आणि त्या नादात माझं काय चुकलं तेही कळलं.

निकोला अपेरचा जन्म १७४९ चा, फ्रान्सच्या शाम्पेन भागातल्या शालोंचा. वडील सराई चालवायचे, त्यामुळे स्वयंपाक आणि तळघरातली साठवण घरातच शिकून झाली. पुढे एका जर्मन संस्थानिकाकडे आचारी, मग पॅरिसमध्ये स्वतःचं मिठाईचं दुकान. राज्यक्रांतीत तो उत्साहाने उतरला आणि १७९४ मध्ये त्याच क्रांतीने त्याला काही महिने तुरुंगात टाकलं. डोकं धडावर राहिलं हेच नशीब.

तेव्हा अन्न टिकवायचं म्हणजे मीठ, साखर, व्हिनेगर, धूर किंवा ऊन. टिकायचं, पण चव बदलायची. अपेरला हिवाळ्यातला मटार मटारसारखाच लागायला हवा होता. सुटकेनंतर तो प्रयोगाला लागला. बाटल्या शाम्पेनच्या घेतल्या, कारण जाड काच आतला दाब सोसते. खरी डोकेदुखी होती बुचाची. बुचात बारीक नळ्या असतात आणि त्यातून हवा आत शिरते. त्याने बुचाचे तुकडे अशा रीतीने एकमेकांना चिकटवले की नळ्या आडव्या याव्यात. मग तारेने आवळायचं, बाटली कापडात गुंडाळायची आणि पाण्यात ठेवून उकळायची. किती वेळ, ते पदार्थागणिक वेगळं. हे आकडे मिळायला वर्षं गेली. बाटली फुटली की पुन्हा पहिल्यापासून! पॅरिसजवळच्या मासी गावात त्याने कारखाना काढला. शेजारच्या जमिनीत स्वतःच मटार आणि घेवडा पिकवायचा आणि ताजा तोडलेला माल लगेच बाटलीत.

फ्रेंच आरमाराने त्याच्या बाटल्या समुद्रावर नेऊन तपासल्या. १८१० मध्ये सरकारने १२,००० फ्रँक देऊ केले, पण पद्धत छापून सगळ्यांना खुली करायची या अटीवर. पेटंट घेऊन गुपित जपलं असतं तर कदाचित श्रीमंत झाला असता. त्याने पुस्तक लिहिलं, आणि वर २०० प्रती स्वतःच्या खर्चाने सरकारला दिल्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले ओपन सोर्सच्या गप्पा मारतो, पण पोटापाण्याचं गुपित असं उघडं करायला वेगळीच छाती लागते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने अन्न टिकवण्याचं पेटंट घेतलं, त्यात पत्र्याचे डबेही होते. पुढे धंदा डब्यांनी केला.

गंमत म्हणजे हे सगळं का चालतं, ते अपेरला माहीत नव्हतं. गे-ल्युसॅकसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने ऑक्सिजन निघून गेल्याचं कारण दिलं, तेही चुकीचं. उष्णतेने सूक्ष्मजीव मरतात, हे १८६० च्या दशकात पाश्चरने दाखवलं. कोड चालतोय, का चालतोय ते कोणालाच कळत नाही, अशी ती ५० वर्षं.

माझी चूक इथेच. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही आणि बोट्युलिझम घडवणाऱ्या जिवाणूचे बीजाणू तेवढ्यात मरत नाहीत. मटारसारख्या कमी आंबट पदार्थात, हवाबंद बरणीत ते रुजतात. विष तयार झालं तरी वास किंवा रंग बदलेलच असं नाही. पीएच ४.६ च्या खाली असेल तर ते वाढत नाहीत. डबाबंद आमरसात सायट्रिक ॲसिड घालतात ते काही नुसतं चवीसाठी नसतं. मटारला दाबाखालीच शिजवावं लागतं, ११६ अंशांच्या आसपास, तेही तपासलेल्या वेळापत्रकाप्रमाणे. घरातला कुकर त्यासाठी वापरू नका, त्यात तापमान किती आणि किती वेळ टिकलं ते मोजता येत नाही. माझ्या बरण्या मी न उघडता टाकून दिल्या. पाच किलो सोललेला मटार, विचार करा!

अपेरचा मासीचा कारखाना नेपोलियनच्या पाडावाच्या वेळी परकीय सैन्याने उद्ध्वस्त केला. पन्नाशी-साठी उलटल्यावर त्याने पुन्हा उभारणी केली. फ्रान्सने नंतर त्याला मानवजातीचा उपकारकर्ता म्हणून गौरवलं, पण पैसा काही साठला नाही. १ जून १८४१ ला तो मासीतच वारला आणि त्याला सार्वजनिक खड्ड्यात पुरलं.