जय वकील : लेकीसाठी उघडलेली शाळा

मुंबईच्या जय वकील यांची कन्या दीना हिला जन्मतः डाऊन सिंड्रोम होता. ब्रिटिश डॉक्टर जॉन लँगडन डाऊन यांनी १८६६ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले होते. परंतु एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत हे तिचे कारण १९५९ मध्ये उजेडात आले. तोवर अशा मुलांना सर्वसाधारण शाळांची दारे सहसा बंदच असत.

जय आणि त्यांचे पती होरमसजी यांनी १९४४ मध्ये लेकीसाठी घरातच शाळा सुरू केली. लेकीचे संगोपन अशा रीतीने इतर मुलांचाही आधार ठरले. ही मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक सहज शिकतात. चित्रे, लहान टप्पे आणि सततचा सराव यांतून अक्षरओळख व स्वावलंबन साधते, हे आज सर्वमान्य आहे.

शिवडी येथील जय वकील यांच्या नावाची संस्था आज बौद्धिक दिव्यांग मुलांना शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षण देते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्याआधी ७२ वर्षे एका आईने तो आपल्या घरापुरता मान्य केला होता.