दीपधारिणी फ्लॉरेन्स नाइटिंगेल

हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी बाई, एवढेच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र आपल्या मनात शाळेपासून असते. ते खोटे नाही. पण मी जन्मभर परिचारिकेचे काम केले, आणि मला त्यांचे मोठेपण रात्रीच्या दिव्यापेक्षा दिवसाच्या कामात अधिक दिसते. तीच हकीकत येथे थोडक्यात सांगते.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला, म्हणून नाव तेच पडले. घराणे इंग्लंडातले, सुखवस्तू. शुश्रूषा हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, अशी त्या काळची समजूत. घरच्यांचा विरोध सोसून त्यांनी १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवेर्थ येथे शिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका लहानशा रुग्णालयाच्या त्या प्रमुख झाल्या. हाताशी अनुभव होता तो एवढाच.

पुढच्याच वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी सैनिकांच्या हालांच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या. सरकारातील त्यांचे स्नेही सिडनी हर्बर्ट यांच्या सांगण्यावरून बाई ३८ परिचारिकांसह निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. वय अवघे ३४.

तेथे काय नव्हते ते विचारावे! साबण नाही, टॉवेल नाहीत, पुरेशी भांडी नाहीत, बदलायला कपडे नाहीत. मैलोगणती खाटांच्या रांगा, आणि इमारतीखाली तुंबलेली गटारे. त्यात डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. दुसरी एखादी भांडली असती, नाहीतर परवानगीवाचून वॉर्डात शिरली असती. बाईंनी परिचारिकांना बँडेज व कपडे शिवायला बसवले आणि डॉक्टर बोलावतील तेव्हाच आत जायचे, असा नियम घातला. थोड्याच दिवसांत इंकरमनच्या लढाईतले जखमी येऊन पडले आणि डॉक्टरांनी स्वतःच बोलावणे पाठवले.

मग त्यांनी कामाची वाटणी केली. एक घर भाड्याने घेऊन तेथे धुण्यासाठी पाणी तापवण्याची सोय केली व सैनिकांच्या बायकांना त्या कामावर लावले. अशक्त रोग्यांच्या पथ्यासाठी वेगळे स्वयंपाकघर उघडले. लोकवर्गणीच्या पैशातून सामान आणून त्याचा हिशेब ठेवला. रात्री सरकारला पत्रे लिहिली. डिसेंबरात मेरी स्टॅन्ली चाळीसहून अधिक बायकांची तुकडी घेऊन आल्या, तीही बाईंना न विचारता. जागा अपुरी, अन्न अपुरे. एवढ्यांना ठेवायचे कोठे? बाई इतक्या वैतागल्या की राजीनाम्याची भाषा करून बसल्या. पण काम सोडले नाही. हळूहळू त्या बायकांची इतर रुग्णालयांत सोय लागली.

हे वाचून मला धीर आला होता. वॉर्डाची मुख्य म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा सारे एकदमच अंगावर आले होते. मग मी रोज सकाळी वहीत तीन रकाने पाडू लागले: माझ्या हातचे काम, दुसऱ्याला सोपवायचे काम आणि वरिष्ठांना लिहून कळवायचे काम. काम तेवढेच राहिले, पण छातीतली धडधड कमी झाली.

आता गोष्टीतला कठीण भाग. एवढे करूनही त्या हिवाळ्यात माणसे मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले होते. मार्चमध्ये सरकारचे आरोग्य पथक आले. त्याने गटारे साफ केली, भिंतींना चुना दिला, पाण्याच्या वाटेत पडलेला मेलेला घोडा काढला. जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. अपुरे अन्न व सामान हेच मृत्यूचे कारण, असे बाई तोवर मानत होत्या. १८५६ मध्ये मायदेशी परतल्यावर विल्यम फार या आकडेतज्ज्ञाबरोबर त्यांनी सारी मोजदाद मांडली, तेव्हा घाणीचा वाटा किती मोठा होता ते त्यांना उमगले. आपल्याच रुग्णालयाचे हे आकडे! पण त्यांनी झाकले नाहीत. उलट आकृत्या काढून मांडले.

क्रिमियातील तापाने १८५५ मध्ये त्या मरता मरता वाचल्या होत्या. पुढची कित्येक वर्षे अंथरुणातच गेली, पण काम थांबले नाही. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत, तरी येथील लष्करी छावण्यांचे आरोग्य, खेड्यांतले पाणी, दुष्काळ यांवर वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेचा मान त्यांच्या इच्छेनुसार घरच्यांनी नाकारला.

आपल्या मंडळातही दरवर्षी कोणीतरी नवी चिटणीस होते, कोणी आरोग्य शिबिराची जबाबदारी घेते आणि पहिल्या आठवड्यातच गांगरते. अशा भगिनीला मी एवढेच सांगेन: सारे काम एकटीने अंगावर घेऊ नका, हात वाटून द्या, वही ठेवा. आणि वहीतला एखादा आकडा आपल्याला न आवडणारा निघाला, तर तोच आधी सभेपुढे ठेवा.