रे हॅरून आणि त्याची एकआसनी मोटार

शर्यत म्हटली कीं, जो सर्वांत वेगानें धांवेल तोच जिंकेल, असें आपण सहज गृहीत धरतों. परंतु अमेरिकेंतील इंडियानापोलिस शहरीं इ. स. १९११ सालीं पांचशें मैलांची जी पहिली मोटार-शर्यत झाली, तिचा विजेता आपल्या वेगाच्या बळावर जिंकला नाहीं. किती वेगानें धांवूं नये, हें त्यास अचूक ठाऊक होतें, म्हणून तो जिंकला. त्या विजेत्याचें नांव रे हॅरून.

हॅरूनचा जन्म पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत १२ जानेवारी १८७९ रोजीं झाला. तो मोटारी हांकण्यांत जितका कुशल, तितकाच त्या बांधण्यांतहि निपुण होता. इंडियानापोलिस येथील मार्मन कंपनींत तो इंजिनियर होता. ही कंपनी मूळची पिठाच्या गिरण्यांचीं यंत्रें तयार करणारी. पुढें ती मोटारींच्या धंद्यांत शिरली. कंपनीच्या गाड्या घेऊन हॅरूननें १९१० सालीं अनेक शर्यती जिंकल्या आणि त्या वर्षाच्या अखेरीस शर्यतींचा निरोप घेऊन केवळ रचनेच्या कामास वाहून घेण्याचें त्यानें ठरविलें. तथापि पांचशें मैलांच्या शर्यतीची घोषणा झाल्यावर कंपनीच्या हॉवर्ड मार्मन याच्या आग्रहावरून तो पुन्हां एकदां सिद्ध झाला.

त्या काळीं शर्यतीच्या मोटारींत चालकाच्या शेजारीं एक मेकॅनिक बसत असे. तेलाचा पंप चालविणें, टायरांवर नजर ठेवणें आणि मागून कोण येत आहे हें चालकास सांगणें, हीं त्याचीं कामें. हॅरूननें विचार केला कीं, दुसरा मनुष्य म्हणजे जास्त वजन, आणि दुसरें आसन म्हणजे वाऱ्यास अडविणारी जास्त रुंदी. म्हणून त्यानें आपल्या गाडींत एकच आसन ठेवलें, अंग अरुंद केलें आणि मागील बाजूस लांब निमुळतें शेपूट जोडलें. पुढें सहा सिलिंडरांचें सुमारें ७·८ लिटरचें इंजिन होतें. पिवळ्या रंगाच्या व टोंकदार शेपटाच्या ह्या गाडीस ‘वॉस्प’, म्हणजे गांधीलमाशी, हें नांव पडलें.

इतर चालकांनीं ह्यास हरकत घेतली. मागें पाहणारा कोणी नसल्यास ही गाडी सर्वांनाच धोक्याची ठरेल, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि तें अगदींच अवाजवी नव्हतें. ह्यावर हॅरूननें उपाय काढला. चार दांड्यांवर एक आरसा बसवून तो त्यानें आपल्या डोळ्यांसमोर उभा केला. काहीं वर्षांपूर्वीं शिकागो शहरांत एका घोडागाडीवर त्यानें असा आरसा पाहिला होता, असें सांगतात.

३० मे १९११ रोजीं चाळीस गाड्या निघाल्या. अडीच मैलांच्या, विटांनीं बांधलेल्या मार्गावर दोनशें फेऱ्या घालावयाच्या होत्या. हॅरूनचा क्रमांक आरंभीं अठ्ठाविसावा होता. बाराव्या फेरीच्या सुमारास एका गाडीस भयंकर अपघात होऊन तिच्यांतील मेकॅनिक सॅम डिक्सन मृत्यु पावला. चालकाशेजारचें तें आसन किती जोखमीचें असतें, हें त्या दिवशीं हजारों प्रेक्षकांनीं पाहिलें.

अनेक चालक पुढें जाण्याच्या ईर्ष्येनें गाड्या दामटीत होते. हॅरूनचा हिशेब निराळा होता. ताशीं पंचाहत्तर मैलांहून वेग थोडासा वाढविला तरी टायर फार लवकर झिजतात, आणि ते बदलण्यांत मिळविलेला सारा वेळ खर्ची पडतो, हें तो जाणून होता. म्हणून कोणी पुढें गेला तरी त्यानें आपला वेग सोडला नाहीं. मध्यंतरीं कांहीं फेऱ्या सायरस पॅच्के ह्या सहकाऱ्यानें गाडी चालविली. अखेर ६ तास ४२ मिनिटें ८ सेकंदांत, ताशीं सरासरी ७४·६ मैल वेगानें, हॅरून पहिला आला. राल्फ मलफोर्ड दुसरा ठरला. फेऱ्यांच्या मोजणीविषयीं पुढें पुष्कळ वाद झाला, पण निकाल कायम राहिला.

मौज ही कीं, विटांच्या खडबडीत रस्त्यावर तो आरसा इतका थरथरत होता कीं, त्यांत आपणांस विशेष कांहीं दिसलेंच नाहीं, अशी कबुली हॅरूननें मागाहून दिली. पुढील वर्षापासून त्या शर्यतींत मेकॅनिक सक्तीचा करण्यांत आला. तथापि काळाच्या ओघांत तें दुसरें आसन नाहींसें झालें, आणि मागचें दाखविणारा आरसा तर आज रस्त्यावरील प्रत्येक मोटारीस असतो.

त्या विजयानंतर, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, हॅरूननें शर्यती कायमच्या सोडल्या. घासलेटावर चालणाऱ्या इंजिनांचे प्रयोग त्यानें केले. स्वतःच्या नांवाची मोटार-कंपनी काढली, ती फार काळ टिकली नाहीं. १९ जानेवारी १९६८ रोजीं, एकोणनव्वद वर्षें पुरीं करून, तो निवर्तला. त्याची ‘वॉस्प’ इंडियानापोलिसच्या संग्रहालयानें जतन करून ठेविली आहे.

साहसी पुरुष त्या शर्यतींत पुष्कळ होते. शेजारचा पुढें जात असतां आपला हिशेब न सोडणें, आणि कीर्तीच्या शिखरावर असतां थांबणें, हें मात्र थोड्यांनाच साधतें. हॅरूनला तीं दोन्हीं साधलीं.