संपादकाच्या मेजावर वाढलेले शास्त्र : सर आर्थर टॅन्सली

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात परिसंस्था हा शब्द प्रत्येक विद्यार्थ्याला भेटतो. शेजारी बहुधा एका तळ्याचे चित्र असते. पाणी, तळाचा गाळ, शेवाळ, मासे, काठावरचा बगळा आणि वर तळपणारा सूर्य, हे सारे बाणांनी एकमेकांना जोडलेले असते. आज हा शब्द इतका रुळला आहे, की तो कधी कोणी तरी प्रथम लिहिला असेल हे मनातही येत नाही. त्याचे मूळ इंग्रजी रूप ‘इकोसिस्टीम’ छापील स्वरूपात प्रथम अवतरले ते १९३५ साली, एका अमेरिकन शास्त्रीय नियतकालिकात. ते लिहिणारे गृहस्थ इंग्रज होते आणि वयाच्या चौसष्टीकडे आले होते. त्यांचे नाव आर्थर जॉर्ज टॅन्सली. एका शब्दाने त्यांना जगभर ओळख दिली; परंतु त्यांच्या आयुष्याचा फार मोठा भाग दुसऱ्यांचे लेख वाचण्यात, ते छापण्यात आणि विखुरलेल्या अभ्यासकांना एकत्र आणण्यात गेला. तो शब्दही त्याच खटाटोपाचे फळ होता.

टॅन्सली यांचा जन्म १५ ऑगस्ट १८७१ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांचा व्यवसाय उच्चभ्रू समारंभांना लागणारे साहित्य पुरविण्याचा होता आणि तो उत्तम चालत असे. पण त्यांचे मन रमे ते कामगारांसाठी चालविल्या जाणाऱ्या ‘वर्किंग मेन्स कॉलेज’मध्ये. तेथे ते स्वेच्छेने, विनावेतन शिकवीत. वडिलांच्या सहकारी शिक्षकांपैकी एकाला रानावनांत हिंडून वनस्पती ओळखण्याचा छंद होता. त्याच्याकडून छोट्या आर्थरला वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. ज्ञान ही वाटून घेण्याची गोष्ट आहे, हा संस्कार त्यांच्यावर घरातच झाला.

शालेय शिक्षणात विज्ञानाची हेळसांड होते, अशी खंत त्यांना विद्यार्थिदशेतच वाटू लागली. पुढे लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज आणि केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. त्यानंतर ते लंडनमध्ये प्रा. फ्रान्सिस ऑलिव्हर यांचे साहाय्यक म्हणून अध्यापन करू लागले. त्या काळचे वनस्पतिशास्त्र मुख्यतः प्रयोगशाळेच्या चार भिंतींत नांदत होते. वनस्पतीचा पातळ छेद घ्यावा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, तिचे कूळ ठरवावे, असा शिरस्ता होता. टॅन्सलींचेही आरंभीचे संशोधन नेच्यांच्या अंतर्रचनेवर होते. मात्र डॅनिश शास्त्रज्ञ युजेन वॉर्मिंग यांचा वनस्पतिसमूहांवरील १८९५ चा ग्रंथ जर्मन भाषांतरातून त्यांच्या वाचनात आला आणि त्यांची दृष्टी पालटली. विशिष्ट वनस्पती विशिष्ट ठिकाणी एकत्र का वाढतात, माती, पाणी आणि हवामान यांच्याशी त्यांचे नाते काय, हे प्रश्न त्यांना खुणावू लागले. १९००–०१ मध्ये त्यांनी सिलोन, मलाया आणि इजिप्त येथे प्रवास केला. उष्ण कटिबंधातील अरण्यांनी या जिज्ञासेला आणखी खतपाणी घातले.

या नव्या विषयाला इंग्लंडमध्ये घर नव्हते. त्यात रस असणारे शिक्षक आणि हौशी अभ्यासक ठिकठिकाणी होते. पण एकाचे काम दुसऱ्याला कळण्याची सोय नव्हती. मोठे प्रबंध छापणारी नियतकालिके होती. मात्र एखादे छोटे निरीक्षण, अर्धवट सुचलेली कल्पना, अध्यापनाची नवी रीत किंवा कोणाच्या मताचा प्रतिवाद यांना जागा नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी १९०२ साली, वयाच्या तिशीत, टॅन्सलींनी स्वतःच्या खर्चाने ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ हे नियतकालिक सुरू केले. एकोणिसाव्या शतकात ‘फायटॉलॉजिस्ट’ नावाचे एक मासिक निघून बंद पडले होते. त्याची आठवण या नावात होती. जवळजवळ तीस वर्षे त्यांनी ते चालविले आणि १९३१ मध्ये तीन तरुण वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाती सोपविले.

नियतकालिकाच्या पाठोपाठ संघटनेचे काम आले. डिसेंबर १९०४ मध्ये, ब्रिटनमधील वनस्पती-आच्छादनाचे सर्वेक्षण करणाऱ्या मोजक्या अभ्यासकांची एक समिती स्थापन झाली. तिच्यापुढील अडचण वरकरणी साधी होती. प्रत्येक जण आपापल्या प्रदेशाचा नकाशा आपापल्या पद्धतीने तयार करी. एकाने माळ म्हटलेल्या जागेला दुसरा वेगळेच नाव देई. मग दोन नकाशे शेजारी ठेवून तुलना करावी कशी? शब्द, खुणा आणि मोजण्याच्या पद्धती समान असल्याखेरीज दहा जणांचे श्रम एका शास्त्रात जमा होत नाहीत. समितीने हे काम चिकाटीने केले. १९११ मध्ये तिच्या सभासदांच्या लेखनातून टॅन्सलींनी संपादित केलेला ब्रिटनच्या वनस्पतिप्रकारांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांनी युरोप-अमेरिकेतील नामांकित शास्त्रज्ञांना ब्रिटनमध्ये बोलावून एक अभ्याससहल घडवून आणली. अमेरिकेचे फ्रेडरिक क्लेमेंट्स आणि हेन्री काउल्स हे तिला उपस्थित होते. दिवसा दलदली, कुरणे आणि डोंगरउतार पाहावेत आणि त्यांवर चर्चा करावी, असा तो उपक्रम होता. त्यातून जुळलेले स्नेह पुढे अनेक वर्षे टिकले.

१२ एप्रिल १९१३ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ‘ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटी’ची स्थापना झाली. परिस्थितिकीला वाहिलेली ही जगातील पहिली विद्वत्संस्था. टॅन्सली तिचे पहिले अध्यक्ष झाले. संस्थेचे मुखपत्र ‘जर्नल ऑफ इकॉलॉजी’ याचा पहिला अंक त्याआधीच्याच महिन्यात बाहेर पडला होता. संस्था आणि पत्रिका एकमेकींच्या आधाराने उभ्या होत्या. सभासदांच्या वर्गणीमुळे पत्रिका जगे, आणि पत्रिकेमुळे दूरदूरच्या सभासदांना एकत्र असल्याचा प्रत्यय येई. दोनच वर्षांनी अमेरिकेतही अशी संस्था निघाली आणि १९२० पासून तिचे ‘इकॉलॉजी’ हे नियतकालिक प्रकाशित होऊ लागले.

पुढचा काळ मात्र कठीण होता. महायुद्धाच्या धामधुमीत, १९१७ मध्ये, ‘जर्नल ऑफ इकॉलॉजी’चे संपादन टॅन्सलींकडे आले. त्याच वर्षी त्यांनी चार सहकाऱ्यांसह ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये एक निवेदन प्रसिद्ध केले. विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्राचे अध्यापन नुसत्या रचनेच्या वर्णनात अडकले आहे. वनस्पती जगते कशी आणि कोठे, यावर त्याची फेरमांडणी व्हावी, असा त्याचा आशय होता. ज्येष्ठ प्राध्यापकांना ते झोंबले. कडक टीका झाली आणि टॅन्सलींनी तीही आपल्याच नियतकालिकात छापली. याच सुमारास ऑक्सफर्डच्या प्राध्यापकपदाची त्यांची आशा विफल झाली. त्यांचे मन काही काळ वनस्पतिशास्त्रापासून दूर गेले. मानसशास्त्रावरील त्यांचे पुस्तक १९२० मध्ये गाजले. व्हिएन्नाला जाऊन त्यांनी सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे मनोविश्लेषणाचा अभ्यास केला. त्यासाठी १९२३ मध्ये केंब्रिजची नोकरीही सोडली. परंतु संपादनाचे काम त्यांनी टाकले नाही. पद नाही, वेतन नाही, अशा वर्षांतही पत्रिकेचे अंक निघत राहिले. अखेर १९२७ मध्ये ऑक्सफर्डने त्यांना तेच प्राध्यापकपद देऊ केले.

टॅन्सलींच्या संपादकीय वृत्तीची खरी कसोटी १९३४–३५ मध्ये लागली. क्लेमेंट्स यांचे मत असे होते, की एखाद्या प्रदेशातील वनस्पतिसमूह हा जणू एकच प्रचंड सजीव असतो. तो जन्मतो, वाढतो आणि हवामानाने ठरवून दिलेल्या परिपक्व अवस्थेला पोहोचतो. दक्षिण आफ्रिकेत काम करणारे जॉन फिलिप्स यांनी हा विचार आणखी पुढे नेला आणि त्याला जनरल स्मट्स यांच्या समग्रतेच्या तत्त्वज्ञानाची जोड दिली. टॅन्सलींना हे मुळीच मान्य नव्हते. झाडे, गवत आणि प्राणी यांच्या समुदायाला सजीव म्हणणे ही त्यांच्या मते शब्दांची गल्लत होती आणि अशा गल्लतीतून चुकीचे निष्कर्ष निघतात. तरीही फिलिप्स यांचे तीन दीर्घ लेख ‘जर्नल ऑफ इकॉलॉजी’मध्ये छापले गेले. संपादक टॅन्सलीच होते. लेख नाकारणे, काटछाट करणे किंवा शेजारी प्रतिकूल टीप जोडणे त्यांना सहज शक्य होते.

आपले उत्तर त्यांनी दिले ते दुसऱ्यांच्या व्यासपीठावरून. काउल्स यांच्या गौरवार्थ ‘इकॉलॉजी’चा एक अंक निघत होता. त्यात टॅन्सलींनी वनस्पतिशास्त्रातील संज्ञांच्या उपयोगाची आणि दुरुपयोगाची चिकित्सा करणारा लेख लिहिला. फिलिप्स यांच्या मांडणीवर त्यांनी आडपडदा न ठेवता टीका केली, आणि क्लेमेंट्स यांचे ऋणही मोकळेपणाने मान्य केले. केवळ खंडन करून ते थांबले नाहीत. सजीवांचा समुदाय आणि त्याच्या भोवतीची माती, पाणी, हवा, उष्णता यांना वेगळे काढता येत नाही; दोहोंची मिळून एक भौतिक व्यवस्था बनते, आणि तीच अभ्यासाचे खरे एकक होय, असे त्यांनी मांडले. त्या व्यवस्थेला त्यांनी इकोसिस्टीम म्हटले. हा शब्द त्यांना तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉय क्लॅफम यांनी सुचविला होता. ज्या तिघांच्या हाती त्यांनी ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ दिले होते, त्यांतलेच हे एक. फिलिप्स यांचे लेख परत गेले असते, तर या शब्दाला जन्म देणारा वाद कदाचित पेटलाच नसता.

शब्द छापला गेला, तरी तो वापरणारा कोणी तरी लागतो. मिनेसोटातील एका लहानशा सरोवराचा अभ्यास करणारे रेमंड लिंडमन या अमेरिकन तरुणाने सूर्याची ऊर्जा वनस्पतींतून प्राण्यांत पायरीपायरीने कशी जाते आणि प्रत्येक पायरीवर कशी घटते, याची मांडणी या संकल्पनेच्या आधारे केली. ‘इकॉलॉजी’च्या परीक्षकांनी हा लेख फार सैद्धान्तिक म्हणून नाकारला होता. लिंडमन यांचे मार्गदर्शक हचिन्सन यांनी रदबदली केली आणि संपादकांनी तो स्वीकारला. ऑक्टोबर १९४२ मध्ये लेख प्रसिद्ध झाला, तेव्हा लिंडमन हयात नव्हते. त्याच वर्षी जूनमध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. शाळेच्या पुस्तकातील तळ्याच्या चित्रातले बाण त्या लेखाचे ऋणी आहेत. एका संपादकाच्या निर्णयावर किती काही अवलंबून असते, हे त्यावरून दिसते.

भारताचाही या परंपरेशी जवळचा संबंध आहे. रामदेव मिश्र हे इंग्लंडमध्ये लीड्स येथे प्रा. पिअर्सल यांच्याकडे संशोधन करीत होते. तेथील सरोवरांतील जलवनस्पती आणि तळाचा गाळ यांच्या संबंधावरील त्यांचा प्रबंध १९३८ मध्ये ‘जर्नल ऑफ इकॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. मायदेशी परतल्यावर त्यांनी बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात परिस्थितिकीच्या अध्ययनाची भक्कम पायाभरणी केली, आणि उष्ण कटिबंधाच्या परिस्थितिकीला वाहिलेली विद्वत्संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. भारतातील परिस्थितिकीचे जनक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

टॅन्सली १९३७ मध्ये ऑक्सफर्डमधून निवृत्त झाले. १९३९ मध्ये त्यांचा ब्रिटनच्या वनस्पतिसृष्टीवरील नऊशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ प्रकाशित झाला. दुसरे महायुद्ध चालू असताना अन्नधान्यासाठी जुनी कुरणे नांगराखाली येत होती. अशा वेळी निसर्गरक्षणाचा विचार काहींना अप्रस्तुत वाटला असता. इकॉलॉजिकल सोसायटीने मात्र राखीव निसर्गक्षेत्रांसाठी समिती नेमली. टॅन्सली तिचे अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९४४ मध्ये संस्थेच्या पत्रिकेत छापून आला. कोणत्या जागा राखाव्यात आणि का राखाव्यात, हे तीस-चाळीस वर्षांच्या सर्वेक्षणांच्या आधारे सांगता येत होते. नकाशांच्या खुणांवरून घातलेले जुने वाद आता कामी आले. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये ‘नेचर कॉन्झर्व्हन्सी’ ही शासकीय संस्था स्थापन झाली, आणि सत्त्याहत्तर वर्षांचे टॅन्सली तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी केंब्रिजजवळच्या ग्रँटचेस्टर या गावी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. दक्षिण इंग्लंडमधील किंग्ली व्हेल ही प्राचीन यू वृक्षांची दरी त्यांना अतिशय प्रिय होती. ती आज राष्ट्रीय निसर्गक्षेत्र म्हणून राखलेली आहे आणि तेथे डोंगरमाथ्यावर त्यांच्या नावाची शिळा उभी आहे. ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’ आणि ‘जर्नल ऑफ इकॉलॉजी’ यांचे अंक अजून नियमाने निघतात. त्यांना लेख पाठविणाऱ्या तरुण संशोधकाला पहिल्या संपादकांची माहिती असेलच असे नाही. आपला लेख जाणकारांकडून वाचला जाईल, मतभेद झाला तर तो पुराव्यानिशी मांडला जाईल आणि उत्तर देण्याची संधी मिळेल, एवढा भरवसा मात्र त्याला असतो. असा भरवसा एका दिवसात निर्माण होत नाही. कोणी तरी वर्षानुवर्षे, अंकामागून अंक, तो जपलेला असतो.