मानरेसा गावातील संत इग्नेशियस

दर वर्षी ३१ जुलै रोजी आपण लोयोलाचे संत इग्नेशियस यांचा सण साजरा करतो. येशूसंघाचे संस्थापक, संत फ्रान्सिस झेवियर यांना भारतात पाठविणारे, अतिशय करारी संत म्हणून ते आपल्याला ठाऊक असतात. मात्र हाच करारी माणूस एके काळी जीव देण्याच्या विचारापर्यंत पोहोचला होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असते.

त्यांचा जन्म स्पेनमधील बास्क प्रांतात, एका सरदार घराण्यात झाला. मे १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळा लागून त्यांचा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचली आणि त्यांचे मन पालटले. मार्च १५२२ मध्ये मोन्सेरातच्या मठात त्यांनी आयुष्यभराची पापे लिहून काढून तीन दिवस पापनिवेदन केले, पवित्र मरियेच्या वेदीपुढे रात्रभर जागरण केले आणि ते जवळच्या मानरेसा गावी आले. तेथे ते भिक्षा मागून राहत, रोज गायन मिस्सा ऐकत, संध्याकाळच्या व रात्रीच्या प्रार्थनेलाही जात. सुरुवातीला मन आनंदाने भरून येई.

मग तो आनंद आटला. मिस्सेत गोडी वाटेना. केलेले पापनिवेदन अपुरे राहिले, अमुक पाप सांगायचे राहून गेले, असा संशय त्यांना छळू लागला. पुन्हा पुन्हा पापनिवेदन करावे, तरी शांती नाही. हा छळ कित्येक महिने चालला. दिवसाचे सात तास गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या या भक्ताला जीव नकोसा झाला. पण तसे करणे हा देवाचा अपराध आहे, म्हणून त्यांनी स्वतःला आवरले.

अखेर देव सोडवीत नाही तोवर काही खायचे-प्यायचे नाही, असे त्यांनी ठरविले. रविवार ते रविवार उपवास झाला. पण प्रार्थना व उपासना त्यांनी एकही दिवस चुकविली नाही. पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूंनी उपवास सोडण्याची आज्ञा केली. त्यांनी ती लगेच मानली. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी संशय परतले. आम्हांला येथे इग्नेशियस अगदी आपल्यासारखे वाटतात: देवाला अट घालायची आणि उत्तराची वाट पाहायची! त्यांना तगवून ठेवले ते त्या उपवासाने नव्हे, असे आमचे मत आहे. तगवले ते गोडी नसतानाही न सोडलेल्या रोजच्या मिस्सेने आणि धर्मगुरूंच्या शब्दाने.

पुढे एके दिवशी, झोपेतून जागे व्हावे तसे त्यांना उमगले, की हा छळ चांगल्या आत्म्याकडून नाही. माफ झालेली जुनी पापे पुन्हा सांगायची नाहीत, असे त्यांनी ठरविले आणि ते मोकळे झाले. त्यानंतर त्याच गावातील चर्चमध्ये, मिस्सेत ख्रिस्तशरीर उंचावले जात असताना, प्रभू या संस्कारात कसा उपस्थित आहे याचे त्यांना आंतरिक दर्शन घडले. ज्या मिस्सेत त्यांना काहीच जाणवत नव्हते, तीच ही मिस्सा.

या अनुभवातून त्यांचे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक घडले. १५४८ मध्ये पोपमहोदयांनी त्याला मान्यता दिली. त्यात त्यांनी असे सुचविले आहे, की मन कोरडे असेल त्या दिवशी प्रार्थनेचा तास कमी करू नये, उलट थोडा वाढवावा. आणि अशा काळात आधी केलेला निश्चय बदलू नये.

१५३७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पण पहिली मिस्सा पवित्र भूमीत अर्पण करण्याची त्यांची इच्छा होती. तिकडे जाणे जमले नाही. शेवटी १५३८ च्या नाताळात रोममधील सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये, बाळ येशूच्या गोठ्याच्या वेदीवर, त्यांनी पहिली मिस्सा अर्पण केली. पुढील वर्षांत मिस्सा अर्पण करताना त्यांना इतके अश्रू येत, की त्यांचे डोळे अधू झाले.