कुलूपकार अर्देशीर गोदरेज

मोठ्या कचेरीत शंभर दालने असतात, शंभर दारे असतात आणि तितकीच कुलपे. प्रत्येक कारकुनापाशी आपापल्या दालनाची किल्ली असते. आणि त्या सर्वांहून निराळी अशी एक किल्ली असते की जी कोणतेही दार उघडते. तीस मास्टर किल्ली म्हणतात. ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती सारी इमारत. ती कोणाच्या स्वाधीन करावी, हे ठरविण्यास नुसते लोहारकाम पुरे पडत नाही. माणसाची पारख लागते. आपल्या देशात कुलपाच्या धंद्याला ज्यांनी शास्त्राची आणि सचोटीची बैठक दिली, त्या अर्देशीर गोदरेज यांचा जीवनवृत्तांत म्हणूनच जाणून घेण्यासारखा आहे.

अर्देशीर यांचा जन्म 26 मार्च 1868 रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. सहा भावंडांत ते वडील. पिता बरजोरजी यांनी 1871 साली गोदरेज हे आडनाव धारण केले. अर्देशीर यांचा विवाह 1890 साली बाचूबाईंशी झाला. परंतु हे सुख फार काळ टिकले नाही. 1891 साली बाचूबाईंचा अकाली आणि अत्यंत दुःखद अंत झाला. अर्देशीर यांनी पुन्हा विवाह केला नाही.

कायद्याचा अभ्यास पुरा करून ते वकील झाले. 1894 साली एका सॉलिसिटर पेढीने आपल्या अशिलाचे काम चालविण्यासाठी त्यांस पूर्व आफ्रिकेतील झांझिबारला पाठविले. काम सुरळीत चालले असता त्यांच्या ध्यानात आले की, दावा जिंकावयाचा तर सत्यास थोडा पीळ द्यावा लागणार. तेवढेही करण्यास त्यांचे मन तयार होईना. परोपरीने समजूत घालूनही ते बधले नाहीत. हातचा दावा आणि पाठोपाठ वकिलीही सोडून ते मुंबईस परतले. पुढे उभे आयुष्य, पदरी पैसा नाही आणि शिकलेली विद्या आपण होऊन टाकून दिलेली! त्या काळी त्यांस शहाणे म्हणणारे फारसे कोणी भेटले नसतील.

एका औषधविक्रेत्याकडे साहाय्यकाची नोकरी करीत असता त्यांस शस्त्रक्रियेची हत्यारे बनविण्याची कल्पना सुचली. भांडवलासाठी ते वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांजकडे गेले. वडिलांपाशी का मागत नाही, असे मेरवानजींनी विचारले, तेव्हा वडील कर्ज म्हणून न देता देणगी म्हणून देतील, आणि ती आपणांस नको, असे अर्देशीर यांनी सांगितले. तीन हजार रुपये मिळाले. हत्यारे उत्तम उतरली व गिऱ्हाईकासही पसंत पडली. मात्र त्यांवर हिंदुस्थानात बनविलेली असा छाप असल्यास ती खपणार नाहीत, असे त्याचे म्हणणे पडले. अर्देशीर यांनी छाप काढण्यास साफ नकार दिला. धंदा बुडाला आणि डोक्यावर कर्ज राहिले.

त्याच सुमारास मुंबईत घरफोड्या फार वाढल्या होत्या. वर्तमानपत्रातील त्यासंबंधीचा मजकूर वाचताना अर्देशीर यांचे लक्ष कुलपांकडे वळले. चांगली कुलपे विलायतेहून येत. देशी कुलपे कारागीर हाताने घडवीत. यंत्रावर बनविलेले, पण विलायती कुलपाच्या तोडीचे कुलूप आपण का करू नये? मेरवानजींनी पुन्हा हात दिला. 7 मे 1897 रोजी लालबागेत गॅस कंपनीच्या कारखान्यालगत सुमारे 215 चौरस फुटांच्या एका छपरीत काम सुरू झाले. (तेव्हा आपल्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी 1890 साली स्थापन केलेले कलाभवन तरुणांस यंत्रविद्येचे धडे देतच होते. काळाची हाक दोन्हीकडे एकच होती.) पुढे मेरवानजींचा पुतण्या बॉइस भागीदार झाला. तो लवकरच निघून गेला, परंतु पेढीच्या नावातून त्याचे नाव काही गेले नाही. गोदरेज आणि बॉइस हेच नाव कायम राहिले.

एका कुलपाची किल्ली दुसऱ्यास लागता कामा नये, हा अर्देशीर यांचा पहिला दंडक. परंतु त्यांची खरी कल्पकता दिसते ती दोन किल्ल्यांच्या कुलपांत. गॉर्डियन नावाच्या त्यांच्या कुलपास दोन किल्ल्या असत. दोन्हींनी कुलूप उघडे. पण त्यांतील एकीने आतली रचनाच बदलून टाकता येई, आणि मग दुसरी किल्ली निरुपयोगी होई. नोकरास किल्ली द्यावी आणि शंका आल्यास ती परत न मागताही तिचा अधिकार काढून घ्यावा, अशी ही सोय. डिटेक्टर कुलपात कोणी भलतीच किल्ली घालून पाहिली, तर ते धन्यास कळून येई. या जातीचे कुलूप इंग्लंडात जेरेमाया चब याने 1818 सालीच काढले होते. 1909 साली स्प्रिंगविरहित कुलपाचे पेटंट गोदरेज यांस मिळाले.

सर्व किल्ल्या सारख्या अधिकाराच्या नसतात, हे जे तत्त्व येथे दिसते तेच मास्टर किल्लीच्या मुळाशी आहे. मात्र तिला किंमत मोजावी लागते. अमेरिकेतील लायनस येल याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या कुलपात लहान खुंट्यांची रांग असते. प्रत्येक खुंटी एके ठिकाणी दुभागलेली असते. किल्लीने सर्व दुभाग एका रेषेत आले, म्हणजे नळा फिरतो. मास्टर किल्लीसाठी प्रत्येक खुंटीस आणखी एक छेद देतात. म्हणजे पाच खुंट्यांच्या कुलपात प्रत्येक खुंटी दोन उंचींवर जुळते, आणि एकाऐवजी 32 निरनिराळ्या किल्ल्यांनी ते उघडू शकते! सोय वाढली तेवढी सुरक्षितता घटली. शिवाय मास्टर किल्ली हरवली तर साऱ्या इमारतीची कुलपे बदलावी लागतात, ते वेगळेच. सरकारी खजिन्याची रीत याच्या नेमकी उलट. तेथे दुहेरी कुलूप; एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे, आणि दोघे मिळाल्यावाचून दार उघडावयाचे नाही.

कुलपांमागून 1902 साली तिजोऱ्या आल्या. धाकटे बंधू पिरोजशा येऊन मिळाले व कारखान्याचा व्याप वाढला. 1918 साली अर्देशीर यांनी चरबीऐवजी वनस्पती तेलापासून साबण काढला; त्याचे नावही चावी! 1921 साली टिळक स्वराज्य फंडास त्यांनी तीन लक्ष रुपये दिले. विलायती छाप स्वीकारला असता तर मिळाला असता तो पैसा नव्हे हा. तो नाकारून मिळविलेला.

1928 साली सारा कारभार पिरोजशांच्या हाती सोपवून ते नाशिकास शेती करण्यास गेले. शेतीत त्यांस यश आले नाही. जानेवारी 1936 मध्ये त्यांनी देह ठेवला.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 साली झाली. तिच्यासाठी गोदरेजच्या विक्रोळी येथील कारखान्यात बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार झाल्या. बाहेरून कुलूप लावण्याने खर्च वाढला असता, म्हणून कारागिरांनी पेटीच्या आतच कुलपाची योजना केली होती.