बाबासाहेबांचे लग्न आणि आमची कर्जाची लग्ने

धानाचे चुकारे हाती आले की गोंदिया जिल्ह्यात लग्नसराई सुरू होते. तिरोडा असो की आमगाव, देवरी असो की अर्जुनी मोरगाव, तेंदूपत्त्याचा हंगाम संपेपर्यंत गावोगावी मांडव उभे राहतात. आम्ही बौद्ध आहोत, मुहूर्त पाहत नाही, हे अभिमानाने सांगतो. पण मुहूर्त सोडला तरी थाट मात्र आम्ही सोडलेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिरोडा तालुक्यातील एका लग्नाला आम्ही गेलो होतो. मांडवाच्या दारात बाबासाहेबांची मोठी प्रतिमा, तिच्याभोवती दिव्यांच्या माळा. डीजेवर भीमगीते. नवरदेव-नवरीसाठी भाड्याने आणलेला सिंहासनासारखा सोफा, वर फिरणारा ड्रोन, आणि जेवणात इतके पदार्थ की निम्मे ताटातच उरले. मुलीचा बाप दीड एकर धानाचा धनी, उरलेले दिवस दुसऱ्याच्या बांधावर मजुरी. त्यातली पाऊण एकर बांधी त्याने या लग्नासाठी गहाण टाकली होती. शिवाय बचत गटाचे कर्ज वेगळे. आणि ज्या मुलीसाठी हे सारे चालले होते, तिचे कॉलेज दोन वर्षांपूर्वी सुटले होते. कारण काय, तर फी आणि रोजच्या बसभाड्याला घरात पैसा नव्हता.

समाजबांधवांनो, शिक्षणाला पैसा नव्हता आणि मांडवाला मिळाला! आम्ही हे दुसऱ्याला हिणवण्यासाठी लिहीत नाही. आमच्याही घरातील एका लग्नाचे कर्ज आम्ही चार वर्षे फेडले आहे. म्हणून दारातल्या त्या प्रतिमेकडे पाहताना मान खाली गेली. ज्यांची ती प्रतिमा, त्यांचे स्वतःचे लग्न कसे झाले होते, हे त्या मांडवातील किती जणांना ठाऊक होते?

१८९१ साली महू येथे जन्मलेला सुभेदार रामजी सकपाळ यांचा भीवा मुंबईच्या परळमधील डबक चाळीतल्या एका खोलीत वाढला. पेन्शन तुटपुंजी, खाणारी तोंडे जास्त. तरीही भीवाने नवे पुस्तक मागितले की रामजीबाबा नाही म्हणत नसत. ते आपल्या लेकींच्या घरी जात, उसने पैसे मागत; लेकीजवळ पैसे नसले तर तिच्या अंगावरचा दागिना घेऊन सावकाराकडे गहाण ठेवत आणि पेन्शन आली की तो सोडवून परत देत. दागिना गहाण पडला तो पुस्तकासाठी. आंबेडकरी माणसाच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा त्या चाळीत लिहिला गेला, असे आम्ही मानतो.

भीमराव शाळेत शिकत असतानाच १९०६ साली त्यांचे लग्न झाले. वधू रमाबाई. दापोलीजवळच्या वणंद गावच्या भिकू धुत्रे यांची ही लेक. वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहून पोट भरत. आईवडील लवकर गेले आणि पोरक्या भावंडांना नातेवाइकांनी मुंबईत भायखळ्याला आणले. लग्नाला मंगल कार्यालय कुठले? भायखळ्याचा मासळी बाजार! दिवसभराची विक्री आटोपून कोळणी घरी गेल्यावर, रात्रीच्या वेळी, बाजाराच्या उघड्या छपराखाली हे लग्न लागले. एका कोपऱ्यात वराकडची माणसे, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची. मासे मांडायचे दगडी ओटे हीच बसायची आसने. पायाखालून गटाराचे पाणी वाहत होते. पहाटे बाजार पुन्हा भरण्याआधी सगळ्यांनी जागा मोकळी केली.

या प्रसंगाचे आम्ही गोडवे गाणार नाही. ती गरिबी होती, हौस नव्हती. ते बालवयातील लग्न होते आणि ती चाल वाईटच होती. पण एवढे तरी ध्यानात घ्या की ज्या माणसाने पुढे देशाला संविधान दिले, त्याच्या लग्नात मांडव नव्हता म्हणून त्याची उंची तसूभरही कमी झाली नाही. रामजीबाबांनी लग्नासाठी भाड्याचा वाडा घेतला नाही; पुस्तकासाठी मात्र लेकीचा दागिना गहाण ठेवला. कुठे हात आखडायचा आणि कुठे सैल सोडायचा, हे त्या निवृत्त सुभेदाराला कळत होते.

त्यानंतर बाबासाहेबांच्या आयुष्यात कर्ज आले नाही असे नाही. १९१३ मध्ये वडील वारले आणि त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून पै पै साठवली. ती पुरेना तेव्हा नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले, राजर्षी शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून, ग्रंथालयात दिवस काढून ते १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन आले. कर्ज घेतले, पण ज्ञानासाठी. ते कर्ज फिटले आणि त्याचे व्याज आजही आपण खातो आहोत. शाळेचा दाखला, नोकरी, मताचा अधिकार, ताठ मान हे सारे त्या व्याजातलेच आहे.

या कर्जाची खरी किंमत मात्र रमाईने मोजली. नवरा साता समुद्रापलीकडे, घरात दमडी नाही. शेण गोळा करून, गोवऱ्या थापून तिने संसार रेटला. पाच लेकरे झाली, त्यातली चार डोळ्यांदेखत गेली. १९२६ मध्ये लाडका राजरत्नही गेला. २७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाई गेली.  आमच्या लेकींच्या लग्नपत्रिकेवर आम्ही रमाईचा फोटो छापतो. पण रमाईने कशाशिवाय दिवस काढले आणि कशासाठी काढले, हे नवरीला किती बाप सांगतात?

बाबासाहेबांना आपल्या बायामाणसांची ही दशा घरातूनच कळली होती. म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना वेगळे बसवून समजावले. अस्पृश्यतेची खूण सांगणारे जडजड कथलाचे दागिने टाका, नीटनेटके राहा, मुलांप्रमाणे मुलींनाही शिकवा, असा त्यांचा सांगावा होता. पुढे २० जुलै १९४२ रोजी, आपल्या गोंदियापासून आगगाडीने दोन-तीन तासांवर असलेल्या नागपुरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. त्यांना बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले की मुलांची लग्ने लावण्याची घाई करू नका. लग्न ही जबाबदारी आहे. मुले स्वतःच्या कमाईवर ती पेलण्याजोगी होईपर्यंत ती त्यांच्या डोक्यावर लादू नका. बायकोने नवऱ्याची दासी नव्हे तर मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, हेही त्यांनी सांगितले. त्या परिषदेत आमच्या भागातल्या आज्या-पणज्याही भाकरी बांधून गेल्या असतील. त्यांनी तो निरोप गावी आणला. मग मधल्या वाटेत तो हरवला कुठे?

बाबासाहेब सांगून थांबले नाहीत. देशाचे कायदेमंत्री झाल्यावर त्यांनी हिंदू कोड बिल हाती घेतले. एकपत्नीत्व, घटस्फोट, जातीबाहेरच्या लग्नाला मान्यता, मुलीला बापाच्या मालमत्तेत हिस्सा या गोष्टी त्यात होत्या. त्यात आणखी एक तरतूद होती, तिची आठवण आम्हाला फारशी राहिलेली नाही. लग्नात हुंडा म्हणून जे दिले जाईल ती त्या मुलीची विश्वस्त मालमत्ता समजावी, नवऱ्याला किंवा सासऱ्याला ती गिळता येऊ नये, अशी ती तरतूद होती. सनातन्यांनी बिल अडवले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली. ज्यांनी स्त्रीच्या हक्कासाठी खुर्ची सोडली, त्यांच्या अनुयायांच्या घरी आज हुंड्याला आंदण म्हणतात, गाडीला भेट म्हणतात आणि यादी साक्षगंधाच्या आधीच ठरते. नाव बदलले म्हणून विष गोड होत नाही.

स्वतःच्या दुसऱ्या लग्नात बाबासाहेबांनी काय केले तेही पाहा. १५ एप्रिल १९४८. तेव्हा ते कायदेमंत्री होते. मनात आणले असते तर दिल्लीत राजेरजवाड्यांना लाजवील असा सोहळा झाला असता. त्यांनी हार्डिंग अव्हेन्यूवरच्या आपल्या सरकारी बंगल्यात, मोजक्या माणसांच्या साक्षीने, डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. पहिले लग्न साधे झाले ते परिस्थितीमुळे; दुसरे साधे झाले ते विचारामुळे. या दोन लग्नांच्या मधल्या बेचाळीस वर्षांत माणूस शून्यातून शिखरावर गेला होता, पण लग्नाचा खर्च वाढला नव्हता. आमच्याकडे नोकरी लागली की दुसऱ्याच वर्षी मांडव दुप्पट होतो.

१९५४ च्या मे महिन्यात बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. १ मे १९९९ रोजी तो वेगळा झाला. प्रकृती ढासळलेली असताना ते या भागात फिरले. पैशाचे बळ काँग्रेसकडे होते, बाबासाहेबांकडे फक्त माणसे होती. त्या निवडणुकीत ते हरले. त्या पराभवाची खंत या जिल्ह्यातील जुनी माणसे अजून बोलून दाखवतात. पण आम्हाला वाटते, तेव्हा पैशापुढे हरणे आमच्या हातात नव्हते. आज लग्नाच्या मांडवात पैशापुढे हरतो, ते मात्र आमच्याच हातात आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांत भटा-ब्राह्मणाकडून क्रियाकर्म न करण्याची प्रतिज्ञा आम्ही घेतली. मग लग्न लावायचे कसे, असा प्रश्न कार्यकर्त्यांना पडला. डिसेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या अगदी तोंडावर, बाबासाहेबांनी एका कार्यकर्त्याला पत्र लिहून तो विधी कळवला. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये एका पाटावर मातीचे नवे मडके, त्यात काठोकाठ पाणी. मडक्यात सोडलेल्या सुताची दोन टोके दोघांच्या हाती. कुणीतरी मंगल सुत्त म्हणावे. दोघांनी पांढरी वस्त्रे नेसावीत. बस्स, एवढेच. शरीर थकलेले, डोळ्यांना नीट दिसत नाही, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ग्रंथ छापून यायचा आहे, आणि अशा वेळी हा माणूस आपल्या लोकांची लग्ने कशी लागावीत याचा विचार करतो आहे! मडके, पाणी आणि सूत. गावातला सर्वात गरीब माणूसही आणू शकेल इतकाच खर्च त्यांनी ठेवला. त्यांच्याआधी महात्मा फुल्यांनी २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात भटाविना, अगदी थोडक्या खर्चात पहिले सत्यशोधक लग्न लावले होते आणि सावित्रीमाईने त्याचा भार उचलला होता. बाबासाहेबांनी गुरूची तीच वाट आमच्यासाठी आणखी सोपी केली.

म्हणून आता आमचे मागणे. गोंदिया जिल्ह्यात गावोगावी विहार आहेत. वर्षातून चार जयंत्यांपुरते ते उघडतात. लग्न विहारात लागू द्या. विहार समितीने सतरंज्या, पातेली, ताटे एकदाच वर्गणीतून घ्यावीत आणि प्रत्येक घराला विनाभाडे द्यावीत. पंगतीला वरण, भात, एक भाजी, एक गोड. आणि वाढायला समता सैनिक दलाची पोरे. साक्षगंध आणि लग्न एकाच दिवशी करा, म्हणजे दोन जेवणावळी टळतील आणि तेंदूपत्त्याच्या हंगामातली मजुरीही बुडणार नाही. ज्यांना तेही नको त्यांना विशेष विवाह कायदा आहेच. तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यावर लग्न होते. सामूहिक विवाहासाठी सरकारचे अनुदान आहे, तेही जरूर घ्या. त्या योजनेचे नाव ‘कन्यादान’ आहे, हे मात्र आम्हाला खटकते. लेक ही दान द्यायची वस्तू नाही, हे सरकारलाही सांगत राहा.

आणि सगळ्यात आधी पोरीची पदवी. हे काम मुलाकडच्यांनी सुरू करायला हवे. मुलीचा बाप घाबरलेला असतो. लोक काय म्हणतील या धाकाने तो बांधी गहाण टाकतो. मुलाच्या बापाने पहिल्या भेटीतच सांगावे की आम्हाला आंदण नको, मांडव नको, मुलीचे शिक्षण मध्येच सोडवू नका. त्या एका वाक्याने एक कुटुंब सावकाराच्या दारातून परत येईल.

तिरोड्याच्या त्या मांडवात, निघताना आम्ही नवरीला भेटलो. पुढे शिकणार का, असे विचारले. तिने आधी बापाकडे पाहिले, मग नवऱ्याकडे, आणि नुसती हसली. त्या हसण्याचे उत्तर समाजाने द्यायचे आहे. येत्या लग्नसराईआधी आपल्या विहारात बैठक घ्या आणि हा ठराव करा. बाबासाहेबांची प्रतिमा मांडवाच्या दारात लावायची तर तिच्याकडे ताठ मानेने पाहता आले पाहिजे.

जय भीम!